खेळातल्या रुग्णांत एक मुंबईकर हवा

ऑनलाइन खेळांतून मुलांना विज्ञानाची नुसती तोंडओळख होते, शोध कसा लागला ते कळत नाही, हे ऑनलाइन खेळांवरच्या एका लेखातलं मत मला पटलं नाही. नोबेल पारितोषिकाच्या संकेतस्थळावरचा रक्तगटाचा खेळच घ्या. रुग्ण येतो, त्याचं रक्त काढायचं, गट ओळखणाऱ्या द्रवांच्या नळ्यांमध्ये टाकायचं, कुठल्या नळीत गुठळ्या होतात ते बघायचं आणि मगच जुळणाऱ्या रक्ताची पिशवी निवडायची. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात याच वाटेने रक्तगटांचा शोध लावला. स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या रक्तातल्या पेशी एकमेकांच्या रक्तद्रवात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) मिसळून गुठळ्या कुठे होतात ते त्यांनी मांडलं. १९०१ साली ते प्रसिद्ध झालं, नोबेल मिळालं १९३० मध्ये. पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करून हे हाती लागत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अशा खेळात ‘बॉम्बे रक्तगट’ का नसावा? १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला हा शोध आपल्या मुंबईतला! या व्यक्तींच्या पेशींवर एच प्रतिजनच (ए, बी यांसारखी पेशीवरची खूण) नसतं. त्यामुळे ए आणि बी ओळखणाऱ्या दोन्ही नळ्यांत गुठळ्या होत नाहीत आणि गट ‘ओ’ वाटतो. पण ‘ओ’ पेशींवर एच असतं, म्हणून ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींसोबत तपासला, तरच खरं कळतं. असा एक रुग्ण घालून कुणी मराठीत खेळ बनवणार असेल, तर मजकूर लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे.