रिंकू सिंग मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही, आणि फोटो तरी बदला

दोन दिवसात तीन ग्रुपवर तोच मेसेज, बेसबॉलवाल्या रिंकू सिंगचा (मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग). "ट्रक ड्रायव्हरचा मुलगा रिंकू सिंग, भालाफेक सोडून दहा महिन्यात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, दहा लाख डॉलर जिंकले, आपल्या मीडियाला मात्र क्रिकेटशिवाय काही दिसत नाही." आणि वर फोटो केकेआरच्या रिंकूचा! म्हणजे क्रिकेटवाल्याचाच. असो.

बाप ट्रक चालवायचा हे खरं, भालाफेकही खरी. पुढचं बघू.

दहा लाख डॉलर. २००८ ला भारतात बेसबॉल जोरात फेकणारी पोरं शोधायची जी स्पर्धा झाली तिचं नावच 'मिलियन डॉलर आर्म' होतं, त्यामुळे लोकांनी धरून चाललंय की मिलियन मिळाले. रिंकूला मिळाले १ लाख. त्याचा फास्टेस्ट बॉल होता ताशी ८७ मैल, आपल्या हिशोबात १४०. आता १४० म्हटलं की आपल्याला बुमराह वगैरे आठवतो पण इथे रनअप नसतो हो, जागेवरून फेकायचा, आणि तरीही मेजर लीगमधल्या पिचरचा (म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरचा) साधा फास्टबॉल ९० मैलांच्या वर असतो.

आता मेन मुद्दा, "मेजर लीगमध्ये". नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग टीमने रिंकू आणि त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलला साइन केलं, बरोबर. पण टीमने साइन करणं म्हणजे टीमकडून खेळणं नाही, खाली रूकी लीग, मग सिंगल-ए, त्यातही वरखाली, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए, आणि तेवढं सगळं चढून गेलास तर मेजर, आणि बहुतेक पोरं मधेच कुठेतरी संपतात. रिंकू २००९ ला सगळ्यात खालच्या गल्फ कोस्ट लीगपासून सुरू झाला. दिनेशला २०१० संपता संपता सोडून दिलं. रिंकू चढत चढत लो सिंगल-ए पर्यंत गेला, टीम वेस्ट व्हर्जिनिया पॉवर, २०१२ मध्ये ३९ मॅच, ७२ इनिंग्ज (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये नऊ इनिंग्ज असतात), ईआरए म्हणजे नऊ इनिंग्जमागे दिलेल्या रन्सची सरासरी ३.००. चार वर्षांपूर्वी ज्याने बेसबॉल हातात धरला नव्हता त्याचे हे आकडे आहेत! मला तरी हे मेसेजमधल्या थापेपेक्षा भारी वाटतं. पुढच्या वर्षी कोपर गेलं, टॉमी जॉन सर्जरी (कोपरातला फाटलेला लिगामेंट बदलायची) झाली आणि ती गाडी परत रुळावर आलीच नाही.

याच गोष्टीवरचा डिस्नेचा २०१४ चा सिनेमा करार होतो तिथेच संपतो, म्हणून घोळ झाला असावा.

"टॅलेंट असलं की दहा महिने पुरतात" हेही सोडा. अमेरिकन बेसबॉलपटू माइक पियाझाचं बघा. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) ६२ वा राउंड, १३९० वा नंबर, तोही डॉजर्सचा मॅनेजर लासोर्डा वडिलांचा दोस्त म्हणून. फर्स्ट बेसवरची फिल्डिंग सोडून कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा) व्हायला लावलं, मेजरमध्ये पोचायला सप्टेंबर १९९२ उजाडला. आणि तो लहानपणापासून बेसबॉलच खेळत होता. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला २०१६ ला.

काही जण उलटं टोक गाठतात, "मग फेलच झाला ना". अरे, २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतली प्रोफेशनल मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर आहे. आणि नंतर २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. वीर महान, लांब केस, कपाळाला गंध, तो हाच. त्याचा फोटो गूगलवर सहज मिळतो, तो लावा.