सदाफुली त्याला मिळतेच आहे, मोजून

परवा मोठ्या मायकडे गेलो तर चुलीवरच्या गंजात हिरवट पाणी उकळत होतं. "सदाफुलीचा काढा आहे बाप्पा, पोट्ट्यासाठी," म्हणाली. पोट्टा म्हणजे तिचा 7 वर्षांचा नातू. त्याला एएलएल प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे, नागपूरला किमो चालू आहे. काढा कोणी सांगितला? व्हॉट्सॲपनं. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: रोज 8 पानांचा काढा प्या, 21 दिवसांत ब्लड कॅन्सर गायब, हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरतात हे सिद्ध झालंय, किमो विष आहे, बंद करा.

खरं आहे तेवढं कबूल करतो. सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघतं. व्हिन्क्रिस्टिन त्याचं नाव, अमेरिकेत 1963 पासून वापरात आहे. पण 1 ग्रॅम औषधाला सुकलेली पानं लागतात सुमारे 500 किलो. मी पोराची फाइल उघडून मोठ्या मायला दाखवली: व्हिन्क्रिस्टिन, 1.2 मिलिग्रॅम, शिरेतून. त्या एका इंजेक्शनमागे 600 ग्रॅम सुकी पानं झाली. आठ पानांत काय येणार?

आणि पिऊन काय होतं, तेही तपासून झालंय. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी 1950च्या दशकात हाच अर्क मधुमेहासाठी उंदरांना पाजला. फारसं काही झालं नाही. शिरेतून दिला तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. अशा औषधाचा शोध तिथून लागला, आणि ते मोजून का द्यावं लागतं तेही तिथंच दिसलं.

हळदीचं म्हणाल, तर प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पेशी मरतात हे खरं. बशीत कपाशीवरच्या फवारणीनंही मरतील. पण खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे ज्यानं बशीत पेशी मरतात ते द्रव्य, रक्तात जेमतेम पोचतं.

राहिलं 'किमो बंद करा'. हे लिहिणाऱ्याचा मला खरंच संताप येतो. किमोचा त्रास होतो, पोराच्या पायाला मुंग्या येतात, केस गेले. पण या प्रकारच्या कॅन्सरमध्ये पूर्वी मुलं काही महिन्यांत जायची. श्रीमंत देशांत आज 10 पैकी जवळपास 9 वाचतात. आपल्याकडे हा आकडा कमी आहे, आणि उपचार अर्धवट सोडणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात पोरगं खेळायला लागतं, तपासणीत रोग दिसत नाही. घरच्यांना वाटतं, झालं बरं. तरी पुढं दोन-अडीच वर्षं औषध चालूच ठेवावं लागतं, आणि असा मेसेज नेमका तेव्हाच येतो.

मोठ्या मायनं काढा मोरीत ओतला. मंगळवारी सकाळच्या एसटीनं मायलेक नागपूरला जाणार आहेत, फाइल पिशवीत ठेवली आहे.