क्रूझवरील ताटे-पेल्यांविषयीच्या फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पर्यटन जहाजांवरील जेवणाच्या भांड्यांविषयी एक लांबलचक संदेश गेले काही दिवस पुढे-पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: क्रूझ कंपन्यांनी चिनी मातीची भांडी गुपचूप काढून सर्वत्र मेलामाइनचे प्लास्टिक आणले, हे तेच मेलामाइन, ज्याने दुधातून मुलांना विषबाधा झाली, ताटे हलकी झाल्याने जहाजाचे इंधन वाचते, हेच या बदलाचे खरे कारण, ट्रे काढले आणि ताटे लहान केली ती प्रवाशाने पैसे मोजूनही कमी खावे म्हणून, स्ट्रॉ बंद करणे हे पर्यावरणप्रेमाचे नाटक, कारण रात्री सगळा कचरा समुद्रातच जातो, म्हणून प्रवाशांनी वापरून फेकायच्या प्लेटा आणि चमचे घरूनच न्यावेत. यातील प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण आहे, आणि नेमक्या त्या कणामुळे वाचणाऱ्याचा उरलेल्या मजकुरावरही विश्वास बसतो. म्हणून एकेक मुद्दा वेगळा करून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान असे की चिनी माती जहाजांवरून नाहीशी झाली. तसे झालेले नाही. जिथे टेबलावर वाढले जाते त्या मुख्य भोजनगृहात पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीची, ताटे, धातूचे काटे-चमचे आणि काचेचे पेले हीच आजही सर्वसाधारण रीत आहे. मेलामाइन दिसते ते मुख्यतः उघड्या डेकवरील बुफेत आणि पोहण्याच्या तलावाच्या आसपास. तिथे लोक अनवाणी फिरतात, आणि काच किंवा पोर्सिलेन फुटले तर त्याचे तुकडे पाण्यात दिसतही नाहीत. असा तुकडा तलावात पडल्याची शंका आली तरी तलाव रिकामा करावा लागतो. एकाच जहाजावर निरनिराळ्या प्रतीची भांडी असणे हीसुद्धा नवी गोष्ट नाही. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी सोनेरी कडांची नक्षीदार भांडी होती आणि तिसऱ्या वर्गासाठी कंपनीचे चिन्ह असलेली साधी पांढरी. आज तो भेद तिकिटाच्या वर्गापेक्षा जेवणाच्या जागेनुसार दिसतो, एवढेच.

पोर्सिलेन टिकून राहण्यामागे केवळ डौल नाही, धुण्याचे गणितही आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. त्याच्या तपासणीत जहाजाला १०० पैकी गुण दिले जातात आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेले जहाज अनुत्तीर्ण ठरते. गरम पाण्याने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून जाणाऱ्या भांड्याचा पृष्ठभाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापलाच पाहिजे, भांडी पुसून नव्हे तर हवेने कोरडी झाली पाहिजेत, आणि टवका उडालेले किंवा तडा गेलेले भांडे वापरातून काढले पाहिजे, अशा अपेक्षा तिथे असतात. पोर्सिलेन यंत्रात तापते, ती उष्णता धरून ठेवते आणि त्याच उष्णतेने त्यावरचे पाणी उडून जाते. मेलामाइन तितकी उष्णता साठवत नाही, त्यामुळे ते यंत्रातून बाहेर आल्यावरही बराच वेळ ओले राहते आणि रचून ठेवण्यापूर्वी त्याला जास्त वेळ व जास्त जागा द्यावी लागते. जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, या दोन्ही गोष्टींचा तुटवडा असतो. शिवाय गरम पदार्थासाठी ताटे आधी तापवून घ्यायची असतील तर मेलामाइन तिथे निरुपयोगी ठरते. फुटत नाही म्हणून ते कंपनीला स्वस्त पडते, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र धुण्याच्या या अडचणींमुळे सगळीकडे तेच वापरणे सोयीचे ठरत नाही.

दुसरा आरोप विषाचा आहे आणि संदेशातील सर्वांत भीतिदायक भाग तोच आहे. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइनची पूड मिसळली गेली, कारण प्रथिने मोजण्याची प्रचलित चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले आणि काही दगावली. ती भेसळ सुट्या रसायनाची होती आणि तान्ह्या मुलांच्या पोटात ती दररोज, दर वेळच्या दुधातून जात होती. ताटातील मेलामाइन फॉर्माल्डिहाइडशी जोडून कठीण राळेच्या रूपात घट्ट झालेले असते आणि ती राळ पुन्हा वितळत नाही. दोन्हींचे नाव एक असले तरी धोक्याचे प्रमाण एक नाही.

मात्र राळेतून काहीच सुटत नाही, असे म्हणणेही चुकीचे होईल. उष्णता आणि आंबटपणा यांमुळे तिच्यातून मेलामाइन अल्प प्रमाणात अन्नात उतरते. म्हणूनच युरोपीय संघाने एक किलो अन्नात उतरू शकणाऱ्या मेलामाइनची मर्यादा २.५ मिलिग्रॅम आणि फॉर्माल्डिहाइडची १५ मिलिग्रॅम ठेवली आहे. तैवानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात काही जणांना गरम नूडल सूप मेलामाइनच्या वाडग्यातून आणि इतरांना चिनी मातीच्या वाडग्यातून दिले. नंतरच्या ७२ तासांत पहिल्या गटाच्या लघवीतून सरासरी सुमारे ८ मायक्रोग्रॅम मेलामाइन बाहेर पडले, तर दुसऱ्या गटाच्या लघवीतून एक मायक्रोग्रॅमपेक्षा थोडेसे अधिक. फरक स्पष्ट होता. पण शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम ही सहन होण्याजोगी मर्यादा मानली जाते, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसासाठी १२ मिलिग्रॅम. प्रयोगात आढळलेले प्रमाण त्याहून हजारपटीने कमी होते. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहार्य आहे: कोशिंबीर, फळे, पाव, थंड मिठाई यांसाठी मेलामाइनचे ताट चालेल, वाफाळते सूप आणि उकळता चहा त्यात देऊ नये, ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, आणि सुऱ्यांचे चरे पडून निस्तेज झालेले ताट बदलावे. या कसोट्यांवर एखादे जहाज कमी पडत असेल, तर तक्रार करण्याचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे. उलट ज्या भांड्यांची जाहिरात ‘नैसर्गिक बांबू’ म्हणून होते, त्यांपैकी अनेकांत बांबूची भुकटी मेलामाइनच्याच राळेत मिसळलेली असते. अशा मिश्रणाला युरोपीय संघात मान्यता नाही आणि २०२१ मध्ये तिथे त्याविरुद्ध मोहीमही राबवण्यात आली. संदेशात या भांड्यांचा उल्लेखही नाही, ही मला त्यातील मोठी उणीव वाटते.

इंधनाच्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. संदेशात जहाजाचे ‘अडीच लाख टन वजन’ सांगितले आहे. आयकॉन ऑफ द सीज या जहाजाचे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे खरे, पण ते माप जहाजाच्या आतील घनफळाचे असते, वजनाचे नव्हे. अशा महाकाय जहाजाचे प्रत्यक्ष वजन एक लाख टनांच्या आसपास धरू. प्रवासी आणि कर्मचारी मिळून दहा हजार माणसे, प्रत्येकामागे दहा भांडी, प्रत्येक भांडे अर्धा किलोचे, असा सढळ हिशेब केला तरी ती ५० टन होतात. सगळी भांडी निम्म्या वजनाची केली तरी वाचतात २५ टन, म्हणजे एकूण वजनाच्या ०.०२५ टक्के. माणशी रोज २०० लिटर धरले, तर हीच माणसे दिवसाला २,००० टन पाणी वापरतात; त्यापुढे २५ टनांची बचत नगण्य आहे.

ट्रे आणि लहान ताटे यांबाबत संदेशाने परिणाम बरोबर ओळखला आहे, पण कारण आणि हानी यांचा अंदाज चुकवला आहे. ट्रे नसला की माणूस एका खेपेत कमी पदार्थ उचलतो, हे खरे. मात्र क्रूझच्या बुफेत दुसऱ्या किंवा चौथ्या खेपेला बंदी नसते. नॉर्वेतील हॉटेलांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुफेतील ताटांचा आकार कमी केल्यावर वाया जाणारे अन्न सुमारे वीस टक्क्यांनी घटले, आणि पाहुण्यांच्या समाधानात घट आढळली नाही. म्हणजे घटले ते खरकटे. लहान ताट मेंदूला फसवून भूक कमी करते, असे सांगणारे जे संशोधन सर्वत्र उद्धृत होते, त्यातील बराच भाग कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वानसिंक यांच्या कामावर उभा आहे. त्यांचे डझनाहून अधिक शोधनिबंध पुढे मागे घेण्यात आले आणि २०१९ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले. तेव्हा ‘ताट लहान करून उपाशी ठेवतात’ हा दावा ज्या पायावर उभा आहे, तो पायाच डळमळीत आहे. एक अडचण मात्र खरी आहे: कुबड्या, काठी किंवा कापरे हात असलेल्या प्रवाशाला दोन ताटे आणि पेला एकदम सांभाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी ट्रे किंवा मदतनीस उपलब्ध असलाच पाहिजे, आणि याबाबत कंपन्यांवर दबाव आणणे योग्यच ठरेल.

आता स्ट्रॉ आणि समुद्र. हे दोन मुद्दे एकत्रच घ्यावे लागतात, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यात आहे. हुर्टिग्रुटेन या नॉर्वेच्या क्रूझ कंपनीने जुलै २०१८ पासून जहाजांवरील अनावश्यक एकदाच वापरायचे प्लास्टिक बंद केले. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने प्लास्टिक स्ट्रॉ बंद करण्यासाठी त्याच वर्षाच्या अखेरची मुदत ठरवली. आणि युरोपीय संघात ३ जुलै २०२१ पासून प्लास्टिकचे काटे-चमचे, ताटे, स्ट्रॉ आणि ढवळण्याच्या काड्या बाजारात आणण्यास बंदी आली. यात प्रतिमा उजळण्याचा हेतू नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. पण केवळ तोच हेतू होता, हे म्हणणे कचऱ्याविषयीचे सागरी नियम न वाचता केलेले विधान आहे.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे आणि तेव्हापासून कोणतेही प्लास्टिक कुठल्याही समुद्रात टाकण्यास मनाई आहे. इतर कचऱ्याबाबत मात्र जुना नियम सैल होता. कागद, काच, धातू आणि चक्क चिनी मातीची भांडीसुद्धा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, विशेष संरक्षित क्षेत्रांबाहेर, टाकण्याची मुभा त्यात नाव घेऊन दिलेली होती. ‘आम्ही स्वतः फुटकी ताटे समुद्रात टाकलेली आहेत’ असे एखादा जुना खलाशी सांगत असेल, तर तो खोटे बोलत नाही. त्या काळी ते कायदेशीरच होते. १ जानेवारी २०१३ पासून तत्त्व उलटे झाले: जे स्पष्टपणे मान्य केलेले आहे तेवढेच टाकता येते, बाकी सारे निषिद्ध. ताटातल्या वस्तूंपैकी मान्य उरले ते फक्त अन्न, आणि तेही चालत्या जहाजावरून, अंतराच्या अटी पाळून. २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके भरडले असेल तर सर्वसाधारण समुद्रात तीन सागरी मैलांपलीकडे, न भरडलेले असेल तर बारा मैलांपलीकडे. कागदी कप, लाकडी चमचा, फुटके ताट, भट्टीतील राख, यांपैकी काहीही टाकता येत नाही. जैवविघटनशील म्हणून विकली जाणारी प्लास्टिके या नियमांपुरती प्लास्टिकच मानली जातात.

या नियमाचा गॅलीतील परिणाम लक्षात घेतला की भांडी का बदलली हे उलगडते. खरकट्यात प्लास्टिकचा एक काटा किंवा स्ट्रॉचा एक तुकडा मिसळला, तर ते अन्न समुद्रात सोडण्यायोग्य राहत नाही. त्यामुळे कर्मचाऱ्यांना ते हाताने निवडावे लागते, आणि निवडताना राहून गेलेला तुकडा भरडणाऱ्या यंत्रातून थेट पाण्यात जाण्याचा धोका असतो. हा धोका काल्पनिक नाही. तेलकट सांडपाणी समुद्रात सोडल्याच्या २०१६ च्या प्रकरणात कार्निवल या क्रूझ समूहातील प्रिन्सेस क्रूझेस कंपनीला चार कोटी डॉलरचा दंड झाला आणि समूहावर न्यायालयीन देखरेख आली. तिच्या अटी मोडल्याची कबुली कार्निवलने जून २०१९ मध्ये मियामीच्या न्यायालयात दिली आणि आणखी दोन कोटी डॉलर भरले. त्या उल्लंघनांत बहामाच्या हद्दीत प्लास्टिक मिसळलेले खरकटे सोडल्याचा समावेश होता. म्हणजे संदेशातील संशयाला आधार आहे, पण त्याच घटनेने संदेशाचा निष्कर्ष खोडला जातो. जिथे प्लास्टिक समुद्रात गेले तिथे ते खरकट्यात मिसळून गेले आणि कंपनीला त्याची किंमत मोजावी लागली. ताटावरून एकदाच वापरायचे प्लास्टिक हटवणे हा ते खरकट्यापर्यंत पोहोचू न देण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मोठ्या जहाजाला कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते, आणि कचरा कधी, कुठे, किती टाकला, जाळला किंवा बंदरात उतरवला याची प्रत्येक नोंद जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने करावी लागते.

कागदी स्ट्रॉ आपोआप निर्दोष ठरतो, असेही मात्र नाही. बेल्जियमच्या बाजारातील स्ट्रॉंच्या तपासणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, कागदी स्ट्रॉंच्या २० ब्रँडपैकी १८ मध्ये दीर्घकाळ न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने सापडली. पोलादी स्ट्रॉंमध्ये ती आढळली नाहीत. ज्यांना स्ट्रॉची गरजच नाही त्यांनी तो न घेणे आणि ज्यांना गिळण्याच्या किंवा हातांच्या त्रासामुळे वाकणारा स्ट्रॉ हवाच असतो त्यांना तो विनातक्रार मिळणे, हीच व्यवस्था मला न्याय्य वाटते.

राहिला शेवटचा सल्ला: वापरून फेकायच्या प्लेटा घरून नेणे. तो प्रत्यक्षात आणला, तर गॅलीने मोठ्या प्रयासाने बाहेर काढलेले प्लास्टिक हजारो प्रवाशांच्या सामानातून पुन्हा जहाजावर येईल, आणि कोणत्या ताटावर ते खरकट्यात मिसळून परत येईल याची कर्मचाऱ्यांना पूर्वकल्पनाही नसेल. मेलामाइनमध्ये गरम सूप मिळाले, तर वाढणाऱ्याला चिनी मातीचा वाडगा मागावा. मुख्य भोजनगृहासाठी तो जहाजावर असतोच.