पिकअपच्या मागच्या स्वे बारबद्दलचे चार दावे

"जुन्या पिकअपला मागे जाड स्वे बार टाका. वळणावर गाडी रस्ता सोडत नाही, माल भरला तरी मागे बसत नाही, उलटायची भीती जाते आणि शॉकअपचा खर्चही वाचतो." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणावर बॉडीचं कलणं कमी करणारी पोलादी दांडी. चारपैकी पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून धोकाही त्यातच जास्त आहे. आधी बाकीचे निकालात काढू.

माल भरल्यावर मागे बसणं: याच्याशी बारचा संबंधच नाही. डावं आणि उजवं चाक कमी-जास्त हललं तरच बार पिळतो आणि जोर लावतो. मालाच्या वजनाने दोन्ही बाजू सारख्या दबल्या की तो बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरी गादीत) नुसता फिरतो. गाडी बसत असेल तर पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंग) बघा. मधलं एखादं पान तुटलेलं तरी असतं, नाहीतर पाट्याची कमान उतरलेली असते.

उलटणं: ते मुख्यतः दोन चाकांमधली रुंदी आणि वजनाची उंची यांवर ठरतं. बार या दोन्हींत काही बदल करत नाही. बॉडी कमी कलते, म्हणून वजन बाहेरच्या बाजूला थोडं कमी सरकतं, एवढाच फायदा. उलट गाडी कलत नाही म्हणून चालवणारा वेग वाढवतो, ते वेगळंच.

शॉकअप: बार हा स्प्रिंगच आहे आणि स्प्रिंगचा हेलकावा थांबवणं हे शॉकअपचं काम. मेलेल्या शॉकअपवर बार चढवला तर एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि केबिन डावी-उजवीकडे डोलत राहते.

आता वळणाची पकड. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन सरकणार, हे बार जवळपास बदलत नाही. त्यातला पुढच्या ॲक्सलचा वाटा किती आणि मागच्याचा किती, एवढंच तो बदलतो. मागे बार लावला की मागचा वाटा वाढतो. टायरवर दुप्पट वजन पडलं तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे बाहेरच्या चाकाला जेवढं मिळतं त्यापेक्षा आतल्याचं जास्त जातं आणि मागच्या ॲक्सलची एकूण पकड कमी होते. पुढची तुलनेने वाढते. स्टिअरिंग चटकन लागू पडतं, म्हणून पहिल्या फेरीत गाडी "सुधारली" असं वाटतं.

रिकाम्या पिकअपचं मागचं धूड मुळातच हलकं. त्यात जाड बार, ओला रस्ता आणि वळणात ॲक्सिलरेटर सोडला, की मागची बाजू बाहेर फेकली जाते. साधं डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) असेल तर आतलं हलकं झालेलं चाक जागच्या जागी फिरतं. "जेवढा जाड तेवढा चांगला" म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं: भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 19 मिमीऐवजी 25 मिमीचा बार घेतला तर, बाकी सगळं तेच असताना, तो जवळपास तिप्पट कडक होतो.

मागे बार शोभतो कुठे? हौद्यावर कायमची उंच केबिन असेल, किंवा पुढचा बार धडधाकट असूनही गाडी वळणावर बाहेर ढकलली जात असेल तिथे. पण त्याआधी पाट्याच्या डोळ्यांतले (टोकाच्या गोल भोकांतले) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे) बुश बघा. एकाने बॉडी आडवी हलवायची, दुसऱ्याने शॅकलकडे नजर ठेवायची. पाटा डोळ्यात आडवा सरकताना दिसला तर आधी बुश. पुढच्या बारच्या लिंक (बारचं टोक जोडणाऱ्या छोट्या दांड्या), शॉकअपचं तेल आणि टायरची हवाही तपासा. जुन्या गाडीचा "झोल" बहुतेक वेळा इथेच सापडतो.

तरी बसवायचाच असेल, तर गाडीचं वजन चाकांवर ठेवूनच लिंकचे शेवटचे आटे आवळा. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. नेहमीच्या उंचीला लिंक आणि बारचा हात (टोकाचा वळवलेला भाग) यांत काटकोन हवा. मग चासी स्टँडवर घेऊन ॲक्सल पूर्ण खाली सोडा, पूर्ण वर उचला: लिंक उलटी पडता कामा नये आणि बार ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर किंवा डिफरन्शिअलच्या झाकणाला लागता कामा नये. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. क्लॅम्प बसवताना ती वाकली की मागचा ब्रेक बिघडतो, आणि दोष बारवर येतो.

चासीला भोक पाडायचं तर उभ्या पत्र्यात. वरच्या-खालच्या पट्टीत पाडलं तर तिथूनच चीर जाते. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नट आत नायलॉनची कडी असलेले लॉकनट. पॉलियुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबरी बुशला तर फुगवतं. शंभरेक किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळा. हातावर दोन भोकं असतील तर लिंक आधी टोकाकडच्या भोकात लावा: हात लांब, बार मऊ. रिकामी गाडी मोकळ्या ओल्या जागेत कमी वेगाने वळवून बघितल्याशिवाय आतल्या भोकाकडे जाऊ नका.