ताई-चीने गोळ्या सुटत नाहीत, पडणं मात्र कमी होतं

ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. बागेत संथपणे हात फिरवणाऱ्या चिनी आजीआजोबांचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: ही पाच हजार वर्षांपूर्वीची विद्या आहे, चीनमध्ये म्हणूनच कुणाला बीपी-शुगर नाही, 'ची' या ऊर्जेने रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज निघतात, गुडघ्यांची झीज भरून येते, दोन महिन्यांत सगळ्या गोळ्या बंद, आणि दुष्परिणाम शून्य.

व्हिडिओतले ताई-ची आणि ची-गोंग हे संथ हालचाल आणि श्वास यांचे चिनी व्यायाम मला मनापासून आवडतात. त्यांच्या नावावर कुणी गोळ्या सोडू नयेत, म्हणून हे उत्तर.

'पाच हजार वर्षांपूर्वीची विद्या.' श्वास आणि हालचाल यांची सांगड घालणारे व्यायाम चीनमध्ये जुने आहेतच. मावांगदुई इथल्या इ.स.पू. 168 च्या कबरीत असे व्यायाम करणाऱ्या माणसांची चित्रं असलेलं रेशमी कापड सापडलं. पण ताई-चीचं मूळ साधारण सतराव्या शतकातलं, हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातलं मानतात, आणि सर्वांत जास्त शिकवला जाणारा 24 हालचालींचा संच चीनच्या सरकारी क्रीडा यंत्रणेने 1956 मध्ये बसवला. तसंही, एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती गुणकारी ठरत नाही.

'चीनमध्ये बीपी-शुगर नाही.' साफ खोटं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार जगात सर्वांत जास्त मधुमेही चीनमध्येच होते, सुमारे 14 कोटी. उच्च रक्तदाबाचे रुग्णही तिथे कोट्यवधी आहेत.

'दोन महिन्यांत गोळ्या बंद.' सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण त्यात खऱ्याचा थोडा अंश आहे. बीजिंगमधल्या 342 जणांवरचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर ताई-ची केलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7 अंकांनी उतरला, भरभर चालणं-धावणं अशा व्यायामांच्या गटात साडेचारच्या आसपास. चांगलीच बातमी आहे. पण त्यांचा रक्तदाब मुळात 140 च्या आत होता, व्यायाम आठवड्यातून चार दिवस तासतासभर होता आणि फरक वर्षाअखेरीस मोजला होता. तुमचा वरचा आकडा गोळीशिवाय 170 वर जात असेल, तर त्यातून 7 वजा करून बघा. ताई-ची सुरू करा, घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. डोस कमी करायचा की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

'ब्लॉकेज निघतात, गुडघ्याची झीज भरून येते.' धमन्यांत साचलेला थर या व्यायामाने निघून जातो, याला कसलाही पुरावा नाही. गुडघ्यांचं मात्र वेगळं आहे. बॉस्टनमध्ये गुडघ्यांच्या संधिवाताच्या 204 रुग्णांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या ताई-चीने दुखणं फिजिओथेरपीइतकंच कमी झालं. दुखणं कमी झालं. कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांमधली गादी, नव्याने आली असं त्यात कुठेही नाही. ज्याला जिना चढवत नाही, त्याला एवढाही आराम पुष्कळ वाटतो.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सांगतो, जी मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या 670 जणांवर चाचणी झाली. हे सगळे आधी पडलेले किंवा चालताना अडखळणारे होते. आठवड्यातून दोनदा, तासभर, सहा महिने. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ताई-चीच्या गटात पडण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी भरलं. ताकद, तोल आणि चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही 31 टक्क्यांनी कमी.

याचं कारण हालचालीतच दिसतं. 'ढगांसारखे हात' ही हालचाल बघा. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोरून सावकाश फिरतात, पण खरं काम खाली चाललेलं असतं. शरीराचा सगळा भार एका पायावर जातो, दुसरा पाय हलका होतो, मग तो बाजूला टेकतो आणि भार हळूहळू तिकडे सरकतो. घाई केली की तोल जातो, म्हणून घोटा, मांडी आणि कंबर सतत जागी राहतात. ओल्या बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा हीच सवय कामी येते. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

'दुष्परिणाम शून्य.' जवळपास खरं, पण पूर्ण नाही. गुडघे फार खाली वाकवले तर दुखतात. हाडं ठिसूळ असतील तर 'बादुआनजिन' या ची-गोंगच्या आठ हालचालींच्या संचातलं पुढे वाकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चक्कर येत असेल किंवा पार्किन्सन असेल तर शेजारी भक्कम खुर्ची हवी, आणि पहिले काही दिवस जवळ कुणीतरी हवं.