काकांना कुत्रा चावला त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या वाडीतल्या एका काकांना कुत्रा चावला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, मासळीची वाटणी चालू होती आणि कुत्री नेहमीसारखी भोवती घुटमळत होती. एकाच्या शेपटीवर पाय पडला, त्याने घोट्याच्या वर कचकन धरलं. मी पोचलो तोवर जखमेत चुना भरून झाला होता आणि शेजारच्या गावातल्या विष उतरवणाऱ्याकडे न्यायला बाईकही तयार होती.

"तेना किती जणांक बरां केल्यान!" काकी म्हणाल्या.

काकी खोटं बोलत नव्हत्या. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतातच. मग त्याच्याकडे गेलेली बहुतेक माणसं धडधाकट राहणारच, आणि श्रेय मंत्राला. एखादा गेलाच तर "उशिरा आणलात", नाहीतर "पथ्य मोडलंत". लसीच्या वाट्याला हे भाग्य नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ नक्कीच जातो, म्हणून लस त्याआधीच घ्यावी लागते. ती लागू पडली की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी बाजारात कोण सांगणार?

काकांची खरी भीती वेगळीच होती. "पोटात चौदा घेवची लागतत, माका ठावक हा." तीही हवेतली नाही. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात रोज टोचायचे, आणि तिने काहींना लकव्यासारखे त्रासही झाले होते. आपल्या देशात तिचं उत्पादन २००४मध्ये थांबलं. लस बदलली, पण ते वाडीत येऊन कुणी सांगितलंच नाही. लोक अडाणी म्हणून लस घेत नाहीत, असं शहरातून लिहिणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. हेच काका मोबाईलवर वाऱ्याचा वेग बघितल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत.

काकांना पंपाखाली बसवलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची असते. दोन मिनिटांत "झाला मगे?" सुरू झालं. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. चुना निघाला तशी खालची चार भोकं स्पष्ट दिसली, एक चांगलंच खोल.

जवळच्या आरोग्य केंद्रात लस होती, पण विषाणूला तिथल्या तिथे अडवायला जखमेत टोचतात ते सीरम नव्हतं. "जिल्ह्याला जा." एवढंच, का जायचं, किती घाईने, काही नाही. रात्री आठला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो. तिथल्या सिस्टरने मात्र समोर बसून समजावलं: सीरम आज जखमेतच, लस दोन्ही दंडांवर, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात एकही नाही. काकांनी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मंत्रवाला माणसाला तासभर समोर बसवून घेतो, त्याचं अर्धं यश तिथेच असावं असं मला वाटतं.

परवा शेवटचा डोस झाला. येताना बाईकवर मागून काका म्हणाले, "कुत्रो तर जितो हा रे. फुकट टोचून घेतलंय."

कुत्रा खरंच जिवंत आहे. पिसाळलेला नव्हताच तो. सकाळी बघितला, रापणीच्या दोरांवर अंगाचं मुटकुळं करून झोपला होता.