मामांच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

मामांची किडनी बदलली, तेव्हा ती मामींनी दिली. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊला घरात गजर होतो आणि मामा डबीतला त्या वेळेचा कप्पा उघडतात. परवा मामींचा फोन आला, आवाज दबका. "अगं, दोन रात्री यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत. कप्पे भरलेलेच आहेत." कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज. किडनी बदललेल्या प्रत्येकाला दहा वर्षांत कॅन्सर होतोच, तो दात्याच्या किडनीतून येतो, आणि उपाय काय, तर गोळ्या हळूहळू सोडून गुळवेलीचा काढा घ्या.

'प्रत्येकाला' हे साफ खोटं. 2011 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 1,75,732 अवयव प्रत्यारोपणांचा अभ्यास आला. त्यात निम्म्याहून जास्त किडनीचीच होती. कॅन्सर आढळले 10,656. सगळ्यांचा पाठपुरावा सारख्याच वर्षांचा नव्हता, तरी 'प्रत्येकाला' यात कुठे बसतं?

धोका वाढतो, हे मात्र मान्य करावंच लागेल. त्याच अभ्यासात तो सर्वसामान्य लोकांच्या साधारण दुप्पट निघाला, नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक कॅन्सर) तर सातपटीहून जास्त. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा मात्र वाढलेला दिसला नाही.

दात्याकडून कॅन्सर आल्याच्या घटना आहेत, पण अगदी विरळा. म्हणून तर किडनी घेण्याआधी दात्याच्या इतक्या तपासण्या करतात. मामींच्याही झाल्या होत्या.

आता त्या 'उपाया'कडे येते, कारण जीव त्यानेच जाईल. शरीराला दुसऱ्याची किडनी परकीच वाटते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून किडनी टिकते. हीच शक्ती एपस्टाइन-बारसारख्या विषाणूंनाही आवरत असते. ती दबली की लिम्फोमासारखे कॅन्सर डोकं वर काढतात. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच उचललं आणि पुढचं गाळलं. गोळ्या सोडल्या की शरीर किडनीवर हल्ला करतं, म्हणजे रिजेक्शन. सुरुवातीला बहुतेकदा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढत जातं. कळेपर्यंत किडनी गेलेली असू शकते. मग पुन्हा डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

आणि गुळवेल कशासाठी, तर म्हणे प्रतिकारशक्ती वाढवायला! ते खरं असेल, तर वाढलेली शक्ती आधी कोणावर तुटून पडेल? मामींच्या किडनीवर. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनीच केली आहे.

डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं, तर ते किडनीचे डॉक्टर रक्तातली औषधाची लेव्हल बघून करतात. कॅन्सर झालाच, तरी काहींना सिरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच दुसऱ्या औषधावर नेतात. आपल्या हातात आहे ते वेगळं: तंबाखू सोडणं, तोंडातला न भरणारा व्रण, मानेतली किंवा काखेतली गाठ, त्वचेवरचा बदल लगेच दाखवणं, बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी ठरल्या वेळी करून घेणं. त्या लांबलचक मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

मामांना मी फोनवर हेच सगळं सांगितलं. काल त्यांनी सकाळची गोळी घेण्याआधी लेव्हलसाठी रक्त दिलं, क्रिएटिनिनसाठीही दिलं. रिपोर्ट संध्याकाळी येईल. तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल, तर त्याच्याखालीच हे टाका.